शालेय ग्रंथालय आणि हातातील कोश

शालेय ग्रंथालयात विद्यार्थ्यांचा मोबाइल येऊ द्यावा की नाही, हा वाद आता मागे पडावा. खरा प्रश्न त्याच्या उपयोगाचा आहे. मोल्सवर्थकृत कोशाची १८५७ ची आवृत्ती व दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. ही सोय निःसंशय मोठी होय. परंतु कोश हाती येणे म्हणजे कोश पाहता येणे नव्हे. पाठातील ‘सुपात’ हे रूप शीर्षशब्द म्हणून कोशात नसते. तेथे ‘सूप’ पाहावे लागते. ‘गेला’साठी तर ‘जाणे’कडे वळावे लागते, आणि १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या या कोशांत तेही ‘जाणें’ असे सानुस्वार आढळते. ही जाण नसलेला विद्यार्थी ‘कोशात शब्दच नाही’ असा ग्रह करून घेतो व धान्य पाखडण्याच्या सुपाला कायमचा मुकतो. हा दोष साधनाचा नव्हे, अध्यापनाचा होय. म्हणून मोबाइल व छापील कोश एकाच मेजावर ठेवून, रूपावरून मूळ शब्द शोधण्याचा अभ्यास ग्रंथपाल आणि भाषाशिक्षक यांनी मिळून करून घ्यावा. एरवी साधन नवे, पण अडचण जुनीच राहील.