नाही म्हणणारी आई

गेल्या दोन-तीन वर्षांत ज्या चित्रपटांसाठी तिकिटांच्या रांगा लागल्या (रांगा आता मोबाइलवर लागतात, पण शब्द जुनाच बरा), त्यांची नावे एका ओळीत मांडून पाहावीत. ऑगस्ट २०२३ मधील ‘गदर २’मध्ये पाकिस्तानात अडकलेल्या मुलाला सोडवायला बाप सीमा ओलांडून जातो. सप्टेंबरातील ‘जवान’मध्ये बाप आणि मुलगा या दोन्ही भूमिका शाहरुख खान करतो. डिसेंबरातील ‘अ‍ॅनिमल’ पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत बापाच्या नावाचा जप करतो. फेब्रुवारी २०२५ चा ‘छावा’ नावापासूनच सिंहाच्या बछड्याचा चित्रपट आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या ‘सैयारा’ या प्रेमकथेतसुद्धा नायकाच्या घरी दारूच्या आहारी गेलेला बाप आहे, आणि सप्टेंबरात आलेल्या मराठी ‘दशावतार’चा सारा जीव बापलेकाच्या नात्यात गुंतलेला आहे. लेखक वेगळे, दिग्दर्शक वेगळे, भाषा वेगळी. तरी सगळ्यांना एकाच वेळी बाप आठवावा, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही.

बाप आला याबद्दल तक्रार नाही. तो यायलाच हवा होता. आपल्या घराघरांत बाप आणि मुलगा यांच्यात जे बोलले जात नाही, त्याचा ढीग मोठा आहे, आणि सिनेमाने तो उपसावा असे कोणालाही वाटेल. माझा प्रश्न निराळा आहे. बाप आला तेव्हा पडद्यावरून आई कुठे गेली?

हिंदी पडद्यावरची आई म्हटली की आपल्याला शिवणयंत्र, खोकला आणि पांढरी साडी आठवते व आपण हसतो. त्या हसण्यात आपण एक गोष्ट विसरलो. त्या आईला नाही म्हणता येत असे. ‘मदर इंडिया’तील (१९५७) राधा गावातल्या मुलीला पळवून नेणाऱ्या स्वतःच्या बिरजूवर गोळी झाडते. ती मुलगी ज्या सावकाराने राधेचे आयुष्य नासवले त्याची आहे, तरीही झाडते. ‘दीवार’मधील (१९७५) आई श्रीमंत मुलाचा बंगला सोडून पोलिसात असलेल्या धाकट्याच्या घरी जाते. आपल्याकडे साने गुरुजींच्या पुस्तकातली आई पोहायला जायला कचरणाऱ्या श्यामला शिंपटीने फोडून काढते. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये तिला पडद्यावर आणले ते याच करारीपणासकट. या बायका रडत असत हे खरे, पण रडून झाल्यावर निवाडाही देत. पोटच्या मुलाविरुद्ध निवाडा देण्याचा अधिकार कथेने त्यांच्याकडे सोपवलेला असे, आणि प्रेक्षकाला तो मान्य होता.

बापलेकाची गोष्टही त्या काळात सांगितली गेली आहे. रमेश सिप्पींचा ‘शक्ती’ (१९८२) आठवावा. गुंडांनी पळवलेल्या लहान मुलाचा बाप पोलीस अधिकारी आहे. मुलासाठी कायदा मोडणार नाही, असे तो टेलिफोनवर सांगतो आणि ते शब्द त्या पोराच्या कानी पडतात. पुढचा सारा चित्रपट त्या एका संभाषणातून वाढतो. दिलीपकुमार आणि अमिताभ बच्चन समोरासमोर उभे राहतात तेव्हा दोघांचेही बरोबर असते, आणि दोघांच्या मधे राखीने केलेली आई असते. ती इकडचा निरोप तिकडे नेते, नवऱ्याला बोल लावते, मुलाला समज देते. ती गुंडांच्या गोळीला बळी पडते आणि मगच मुलगा सूडाच्या वाटेवर बेभान धावतो. शेवटी बापाच्याच गोळीने कोसळलेल्या मुलाला प्रेमाचे दोन शब्द ऐकायला मिळतात. आई होती तोवर सूड थोपून होता, हे सलीम-जावेद यांनी कुठेही भाषण न करता कथेच्या बांधणीतच दाखवले.

त्या चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी आजोबांकडून ही हकिकत ऐकणारा एक नातू आहे. ती लहानशी भूमिका तेव्हा नवख्या असलेल्या अनिल कपूरची होती. एकेचाळीस वर्षांनी ‘अ‍ॅनिमल’मध्ये तोच अनिल कपूर बाप झाला आहे. ती गोष्ट ऐकून त्याने काय घेतले, असा विचार चित्रपट पाहताना वारंवार मनात येत होता.

‘अ‍ॅनिमल’ तीन तास एकवीस मिनिटांचा आहे. तो वाईट बनवला आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिग्दर्शक संदीप रेड्डी वंगा यांना पडदा भरता येतो आणि रणबीर कपूर हा आजच्या पिढीतील फार ताकदीचा नट आहे. वडिलांची एक नजर आपल्याकडे वळावी म्हणून तडफडणारा मुलगा त्याने असा उभा केला आहे की पहिला अर्धा तास आपण त्याच्या बाजूने असतो. बहिणीला छळणाऱ्या मुलांना धडा शिकवायला तो तिच्या कॉलेजात बंदूक घेऊन जातो, तेव्हा बाप त्याच्या थोबाडीत मारतो आणि त्याला घरापासून दूर धाडतो. इथे नकार आहे, परंतु तो समजावून सांगायला बाप क्षणभरही थांबत नाही. पोलादाचा कारखाना त्याची वाट पाहत असतो. इथवर सगळे खरे वाटते.

त्यानंतर बापावर गोळीबार होतो, मुलगा परत येतो आणि चित्रपट त्याच्या हाती यंत्रबंदूक देऊन बाजूला सरकतो. किती माणसे मेली याची मोजदाद माझ्याने झाली नाही. मारणारा चुकतो आहे, असे चित्रपटातल्या कोणाचेच म्हणणे ऐकून घेतले जात नाही. या घरात आई आहे. ती दिसते, ताटे वाढते, काळजी करते आणि कॅमेरा तिच्यावरून पुढे जातो. खरा नकार येतो तो करवा चौथच्या रात्री, बायकोच्या तोंडून. रश्मिका मंदानाचा तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत जिवंत प्रसंग आहे. पण तिचा नकार कथेच्या वाटेत दगड होत नाही. ती बोलते, नायक ऐकतो, आणि कथा ठरल्या मार्गाने जाते. दुसऱ्या एका बाईला तो प्रेमाची खात्री म्हणून बूट चाटायला सांगतो, त्या वेळी आमच्या मागच्या रांगेतील पंचविशीतले तरुण हसले. ते क्रूर होते असे मला वाटत नाही. या माणसाचे सगळे माफ करायचे असते, हे दोन तास त्यांना शिकवले गेले होते, आणि ते शिकले होते.

शेवटाकडे बापलेक भूमिकांची अदलाबदल करतात. मुलगा बाप होतो, मरणाच्या दारात उभा असलेला बाप मुलगा होतो. कल्पना विलक्षण आहे. तो प्रसंग पाहताना मला उधळ्या पुत्राचा दाखला आठवला. त्यातला घर सोडून गेलेला धाकटा नव्हे, तर थोरला. इतकी वर्षे राबलो आणि मला तुम्ही एक करडूसुद्धा दिले नाही, असे म्हणून जो दाराबाहेर अडून बसतो तो. ‘अ‍ॅनिमल’चा नायक हा तो थोरला भाऊ आहे, फक्त त्याच्या हाती हत्यारांचे कोठार दिलेले आहे. दाखल्यातला बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि थोरला आत गेला की नाही हे आपल्याला सांगितले जात नाही. वंगा यांनाही ती जागा सापडली होती. तिथे ते थांबले नाहीत. श्रेयनामावलीनंतर पुन्हा रक्ताचे पाट वाहवून पुढच्या भागाची जाहिरात करून मोकळे झाले.

‘जवान’विषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या, प्राणवायूविना इस्पितळात मेलेली मुले असे खरे विषय तो हाताळतो आणि टाळ्याही मिळवतो. त्यात आई आहे, आणि दीपिका पदुकोणने थोड्या वेळात ती डौलाने केली आहे. मात्र तिला फासावर चढवल्यावरच कथेला वेग येतो.

‘छावा’ने महाराष्ट्राला रडवले. लक्ष्मण उतेकर यांनी २०२१ मध्ये ‘मिमी’ काढला होता, जो सर्वस्वी एका आईचा चित्रपट होता, हे सांगितले तर अनेकांना खरे वाटणार नाही. ‘छावा’त विकी कौशलने जीव ओतला आहे. अक्षय खन्नाचा हाताने विणकाम करत बसलेला थकलेला औरंगजेब त्याहून अधिक काळ लक्षात राहतो, याला मात्र उतेकरांचा नाइलाज असावा. शेवटचा छळाचा भाग प्रेक्षक श्वास रोखून पाहतात. संभाजीराजांचे बलिदान हा मराठी मनाचा हळवा कोपरा आहे आणि तिथे अश्रू आले तर त्यात नवल नाही.

पण ज्यांना बापलेकाची गोष्ट सांगायची होती, त्यांनी या इतिहासात हाताशी असलेले सोडून काय घेतले ते पाहा. शंभूराजे दोन वर्षांचे असताना सईबाई गेल्या. नऊ वर्षांचे असताना ते आग्र्याच्या संकटात वडिलांबरोबर होते. तिथून निसटल्यावर शिवरायांनी त्यांना मथुरेत मागे ठेवले आणि स्वतः वेगळ्या वाटेने स्वराज्यात परतले. त्या पोराने ते दिवस कसे काढले असतील? पुढे १६७८ मध्ये ते दिलेरखानाच्या गोटात गेले आणि परत आले. १६८० च्या एप्रिलात रायगडावर वडिलांनी देह ठेवला, तेव्हा मुलगा पन्हाळ्यावर होता. भारतीय इतिहासात याहून गहन बापलेकाची कथा मला ठाऊक नाही. वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक याच जखमेवर उभे केले आणि मराठी प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. ज्यांच्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे, त्या शिवाजी सावंतांनीही ती जखम झाकली नाही. चित्रपट मात्र वडील गेल्यानंतर, बुऱ्हाणपूरच्या छाप्यापासून सुरू होतो. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा राजा डरकाळीपुरता उरतो. बापाशी मतभेद असलेला मुलगा दाखवला तर त्याचे शौर्य उणे होईल, असे आजच्या निर्मात्यांना वाटते की आजच्या प्रेक्षकांना वाटते, हे सांगणे कठीण आहे.

‘दशावतार’विषयी लिहिताना हात जड होतो, कारण तो मला मनापासून आवडला. कोकणातला लाल मातीचा उतार, देवराई, रात्रीच्या जत्रेतील पेटी-मृदंग आणि दृष्टी मंदावत चाललेला बाबुली मेस्त्री. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी तो केला आहे, असे म्हणणे अपुरे आहे. ते त्या माणसाच्या अंगावरची शाल होऊन बसले आहेत. बाबांनी आता रंग उतरवून विसावा घ्यावा म्हणून मागे लागलेला मुलगा आणि टाळणारा बाप यांच्यातले पूर्वार्धातील बोलणे इतके साधे, इतके घरचे आहे की असाच आणखी दोन तास चालला असता तरी चालले असते.

मुलगा जातो. खाणीसाठी डोंगर पोखरायला निघालेल्यांनी त्याला संपवलेले असते. मग बाप एकेक अवतार धारण करून एकेकाचा हिशेब चुकता करतो. दृश्ये देखणी आहेत, प्रेक्षागृहात शिट्ट्याही वाजतात. तरी इथे मला त्या खेळाची आठवण देणे भाग आहे, ज्याचे नाव चित्रपटाने घेतले. आड-दशावतारात वेद चोरणारा संकासुर येतो तो मुखवट्याआडून मालवणीत बोलतो, भटजीची टर उडवतो, प्रेक्षकांना हसवून हसवून त्यांचा लाडका होतो, आणि मग विष्णूच्या हातून मरतो. कोकणातल्या निरक्षर म्हणवल्या गेलेल्या नटांनी राक्षसालाही तोंड दिले होते. ‘दशावतार’मधील खलनायकांना बोलायला वाक्ये आहेत, पण मनात काही नाही. ‘अ‍ॅनिमल’ने तर कमाल केली; त्यातला शत्रू मुकाच आहे. ज्याला बोलता येत नाही त्याला मारणे सोपे जाते, प्रेक्षकालाही.

बाबुलीच्या घरातही आई नाही. त्याचा हात धरून, पोराच्या नावाने तू हे काय करतोस, असे विचारणारे कोणी नाही. ती असती तर चित्रपट अडला असता. आणि मला वाटते, तिथून तो अधिक चांगला झाला असता.

नाही म्हणणारी आई मला शेवटी भेटली ती फारसा गाजावाजा न करता आलेल्या एका चित्रपटात. किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ मार्च २०२४ मध्ये आला. रेल्वेत हरवलेल्या दोन नवऱ्या मुलींची ही गोष्ट; त्यातली एक स्थानकावरच्या चहावालीच्या आश्रयाला येते. ही मंजूमाई आपल्या छाया कदम यांनी साकारली आहे. तिचा नवरा आणि मुलगा तिच्याच कमाईवर जगत आणि तिलाच मारत. तिने दोघांनाही घराबाहेर काढले. हे ती कढईतले पकोडे हलवता हलवता सांगते, जणू दुधाचा भाव सांगावा. पार्श्वसंगीत चढत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. एकटीने राहणे अवघड असते हेही ती लपवत नाही.

तो मुलगा पडद्यावर कधी दिसत नाही. कुठे असेल तो? कोण्या शहरात, कोण्या सिनेमागृहात मागच्या रांगेत बसला असेल, आणि बापासाठी माणसे मारणारा नायक पाहून शिट्टी वाजवत असेल. एखाद्या संध्याकाळी तो गाडीतून त्या फलाटावर उतरला तर मंजूमाई काय करील, याचा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. काढला तर मी तिकीट काढून पाहीन. तिने त्याला लगेच पोटाशी धरू नये, आधी कपबशा विसळायला बसवावे.