हात हलला, पण वापरला का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक प्रयोग स्वतःवरच करून पाहिला. दोन्ही मनगटांवर हालचाल मोजणारे पट्टे बांधले, डावा हात गळ्यातल्या झोळीत अडकवला आणि अख्खा दिवस तसाच काढला. पक्षाघात झालेला माणूस घरी तो हात किती वापरतो हे मोजायचं, हा माझा विषय. म्हटलं, हाताने काहीच केलं नाही तर आकडा किती येतो ते आधी बघू. शून्याच्या आसपास येईल अशी खात्री होती. आला नाही. मी चालत होते, जिना चढत होते, रिक्षातून खड्ड्यांच्या रस्त्याने जात होते. झोळीतला हात प्रत्येक धक्क्याला हलत होता आणि पट्टा इमानेइतबारे ‘वापर’ म्हणून नोंद करत होता.

त्या दिवसानंतर या विषयातले पेपर मी जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागले. तुम्ही पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल, तर त्यातला एक पेपर आपण एकत्र वाचू. मला तो आवडतो, म्हणूनच त्याच्याशी भांडायचं आहे.

हा पेपर २०१७ सालचा. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅथरीन लँग यांच्या गटाचा. पहिलं नाव वॉडेल यांचं. त्यांचा प्रश्न साधा होता: दवाखान्यात सराव करून हात सुधारतो, पण तो सुधार घरी पोचतो का? जागतिक आरोग्य संघटनेने २००१ च्या वर्गीकरणात हाच फरक केला आहे. ‘करू शकतो का’ ही कुवत, आणि ‘रोज करतो का’ ही प्रत्यक्ष कामगिरी.

झटका येऊन निदान सहा महिने उलटलेल्या ७८ जणांकडून त्यांनी ३२ सत्रांत रोजच्या कामांचा सराव करून घेतला. काही गटांना एकूण ३२००, काहींना ६४००, काहींना ९६०० वेळा हालचाली, आणि एका गटाला झेपेल तितक्या. कुवत मोजायला एआरएटी ही चाचणी: १९ कामं, प्रत्येकाला ० ते ३, एकूण गुण ५७. घरचा वापर मोजायला दोन्ही मनगटांवर सेन्सर. निकाल? चाचणीतले गुण वाढले. सेन्सरचे आकडे हलले नाहीत. सराव जास्त केलेल्या गटातही नाहीत.

सगळ्यात आधी श्रेय. त्याआधी बरेच जण रुग्णालाच विचारायचे, ‘हात किती वापरता?’ माणूस विसरतो, आणि समोर थेरपिस्ट असला की थोडं वाढवूनही सांगतो. या मंडळींनी न विचारता मोजलं, आणि मनासारखं न आलेलं उत्तर सरळ छापलं. हे धाडस कमी लोक करतात.

आता भांडण. या पेपरचा हवाला देताना लोक सरसकट लिहितात, ‘सरावाचा घरी उपयोग होत नाही.’ थांबा. दोन मोजपट्ट्या नेमकं काय बघतात ते आधी बघा. एआरएटीच्या १९ कामांपैकी १६ कामं पकडण्याची आहेत: ठोकळा, नळी, बारीक गोळी. त्यात हात उचलायचा असतोच, पण खरी परीक्षा बोटांची. आणि मनगटावरच्या पट्ट्याला बोटं दिसतच नाहीत! बोटांनी शर्टाचं बटण लावलं काय आणि हात नुसताच झुलवला काय, पट्ट्याच्या लेखी दुसरीच हालचाल मोठी. म्हणजे एका परीक्षेत बोटं पास झाली आणि दुसरीने बोटांकडे बघितलंच नाही.

दुसरं, धरून ठेवणं. कणीक मळताना डावा हात परात धरतो. त्या हाताशिवाय काम होत नाही, पण तो हलत नाही. सेन्सर म्हणणार, बसला होता.

तिसरं गुणोत्तर. बाधित हात किती तास वापरला, भागिले चांगला हात किती तास. याच गटाने अमेरिकेतल्या निरोगी प्रौढांत हे गुणोत्तर सरासरी ०.९५ मोजलं, दोन्ही हात जवळजवळ सारखेच राबतात. आकडा सुंदर आहे. पण भागाकारात छेद असतो हे विसरू नका. रुग्ण आजारी पडून लोळून राहिला, चांगला हातही थंडावला, तर बाधित हात न सुधारता गुणोत्तर वर जाऊ शकतं. म्हणून नुसतं गुणोत्तर कधीच देऊ नका. दोन्ही हातांचे तास शेजारी ठेवा.

चौथं मला आपल्याकडच्या घरांत दिसतं. सून ताट पुढ्यात आणते, मुलगा शर्टाची बटणं लावून देतो. प्रेमाने करतात, पण मग हाताला कामच उरत नाही. सेन्सरचा आकडा कमी येतो तो हाताचा की घराचा, हे सेन्सर सांगत नाही. त्यामुळे मी माझ्या नोंदवहीत ‘मदत कोण करतं, कशात करतं’ हा रकाना आता पट्ट्याइतकाच महत्त्वाचा धरते.

यावर उपाय शोधले गेलेत, पण फुकट एकही नाही. झुरिचच्या ईटीएचमधल्या ल्यूएनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच एक अट घातली: कोपरापुढचा हात आडव्या रेषेच्या ३० अंशांच्या आत असेल आणि त्याची दिशा ३० अंशांहून जास्त बदलली, तरच मोजायचं. चालतानाचा झोका बराच गळून पडतो. पण बारीक कामंही गळतात. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या गटाने बोटात चुंबकाची अंगठी दिली, मनगटावरच्या यंत्राला बोटं ‘दिसायला’ लागली. पण अंगठी रोज घालायला हवी. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने शरीराच्या वरच्या भागावर नऊ सेन्सर लावून हालचाल पोचणं, नेणं, स्थिर धरणं अशा तुकड्यांत ओळखली. परात धरणारा हात इथे न्याय मिळवतो. पण नऊ सेन्सर लावून मंडईत कोण जाणार?

मग मूळ पेपर चुकला का? नाही. घरी हालचालीचं प्रमाण वाढलं नाही, एवढं त्याने दाखवलं आणि ते मी मानते. फार मोठा बदल झाला असता तर मनगटावरही काहीतरी उमटलंच असतं. पण ‘हाताचा उपयोग वाढला नाही’ हे वाक्य त्या यंत्राच्या तोंडी घालता येत नाही.

हा शब्दच्छल वाटेल, पण याची किंमत कोणीतरी मोजतं. उजवी बाजू गेलेल्या माणसाला सहसा एकच हवं असतं: स्वतःच्या उजव्या हाताने घास तोंडात घालायचा. समजा, महिनाभराच्या मेहनतीने त्याला ते जमलं. चोवीस तासांच्या नोंदीत ती दहा-पंधरा मिनिटं, आलेखात जेमतेम एक टेकडी. त्याच्यासमोर तो आलेख धरून कोणी म्हणालं, ‘काका, फरक दिसत नाही,’ तर दुसऱ्या दिवशी तो चमचा डाव्या हातात घेईल.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘सेन्सरने हाताचा वापर मोजू’ असं लिहिण्याआधी पट्टा स्वतःच्या हाताला बांधा, काहीही न करता एक दिवस काढा, आणि आलेला आकडा पहिल्याच पानावर लिहा. तुमचा गाईड पहिला प्रश्न त्यावरच विचारेल. विचारला नाही, तर तुम्ही त्यांना विचारा.