कुलवृत्तांतातली कोरी जागा

घराण्याचा इतिहास शोधणारे लोक अलीकडे बरेच वाढले आहेत आणि ही चांगलीच गोष्ट आहे. पण ज्या कागदावर आपण विसंबतो, तो कुणी सांगितला म्हणून लिहिला गेला, हे फारसं कुणी विचारत नाही. आज मला तेवढंच बोलायचं आहे.

जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा सक्तीचा कायदा आपल्याकडे झाला १९६९ साली. त्यामुळे खापरपणजोबांच्या काळात शिरायचं, तर हाताशी बहुधा तीनच गोष्टी असतात: कुलवृत्तांत, जन्मपत्रिका आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिन्ही घरानेच सांगितलेल्या. कुलवृत्तांत काढणारं मंडळ तक्ते पाठवतं आणि घरातला कर्ता माणूस ते भरून देतो. मग त्यात अनौरस मूल सापडेल कसं? एखादी बालविधवा ‘विनापत्य’ म्हणून एका ओळीत संपते. तिथे काही दडवलंय असं वाटतही नाही, कारण पान नीटनेटकं दिसतं.

आता या पानाशेजारी दुसरा एक कागद ठेवून बघा. बेहरामजी मलबारींनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली. त्यावर जोतीराव फुल्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात आपलं मत लिहून दिलं. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेची हकीकत त्यात येते. ती स्वयंपाकाचं काम करायची. दिवस गेले, मूल झालं, तिने ते मारलं आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यानंतर फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. तेव्हापासून तिथे पस्तीस विधवा बाळंत झाल्या, असं जोतीराव सांगतात. त्यांतली पाच मुलं जगली, तीस गेली. दिवस लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या जहरी औषधांनी ती गेली, असं त्यांचं म्हणणं.

पस्तीस बायका म्हणजे पस्तीस माहेरं आणि पस्तीस सासरं. ही घराणी काही हवेत विरली नाहीत. त्यांच्या वंशावळी असतील तर त्या आजही कुणाच्या तरी कपाटात असतील, आणि त्यांत या बाळंतपणांना जागा मिळाली असेल असं मला वाटत नाही.

पण थांबा. फुल्यांचा कागदही बारकाईने वाचायला हवा. काशीबाईला तिथे नाव आहे. ज्याने तिला त्या अवस्थेत आणलं, तो मात्र नुसता शेजारचा ‘शास्त्रीबुवा’. इतक्या कळवळ्याने लिहिलेल्या मजकुरातही बाईचं नाव उरतं आणि पुरुषाची फक्त पदवी! कुलवृत्तांतात बाईचं मूल गाळलं जातं, खटल्यात बाई सापडते, आणि बाप दोन्हीकडून सुटतो. माझा मुख्य आक्षेप हा आहे. लपवाछपवी म्हटलं की आपण आईकडे बोट दाखवतो. ती छपवाछपवी सगळ्यात जास्त उपयोगी पडली कुणाला?

मग संशोधकाने काय करावं? दोन टोकं टाळावीत. प्रत्येक ‘विनापत्य’ विधवेवर संशय घ्यायचा, ही संशोधनाच्या नावाखाली कुचाळकी झाली. आणि कुळाच्या अब्रूसाठी रिकामी जागा गुळगुळीत करून टाकणं, हा पूर्वीचाच खोटेपणा पुढे चालवणं झालं. पुरावा नसेल तर ‘माहिती नाही’ असं लिहा. ‘मूल नव्हतं’ असं लिहू नका. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

दुसरा मार्ग होता, हेही लक्षात ठेवा. काशीबाई नावाच्याच दुसऱ्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. त्याचा जन्म कुणापासून, हे आज आपल्याला माहीत आहे, कारण वाढवणाऱ्यांना त्याची लाज वाटली नाही.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अविवाहित आईला पालकत्वासाठी वडिलांचं नाव उघड करायची सक्ती नाही, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिलं की मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे. म्हणजे कोरी जागा आजही असू शकते. फक्त पूर्वी ती बापाची सोय होती, आता तो आईचा हक्क आहे. उद्या आपला कुलवृत्तांत लिहाल, तेव्हा कोऱ्या जागेपाशी जरा थांबा आणि ती कुणासाठी कोरी ठेवली गेली, एवढं विचारा.