अचल चेहऱ्यांचा सूत्रधार

बाहुली हालते, पण तिचा चेहरा हालत नाहीं. ही तिची मोठीच उणीव होय, असें सामान्यतः मानलें जातें. चेक चित्रकार व दिग्दर्शक यीर्झी त्रन्का (१९१२-१९६९) यानें या उणिवेवरच आपली सारी कला उभारली.

त्याचा जन्म पिल्सेन येथला. योसेफ स्कुपा या नामांकित सूत्रधाराच्या हाताखालीं तो बाहुल्यांची विद्या शिकला, प्राग येथें त्यानें चित्रकलेचें शिक्षण घेतलें आणि १९३६ सालीं स्वतःचें बाहुली-नाट्यगृह काढलें. तें फार काळ टिकलें नाहीं. महायुद्ध संपल्यावर तो प्रथम रेखाटलेल्या चित्रपटांकडे व लगेच बाहुलीपटांकडे वळला. बाहुलीचा हात केसभर हालवावयाचा, एक छायाचित्र घ्यावयाचें, पुन्हा केसभर हालवावयाचा. पडद्यावरील एका सेकंदास अशीं चोवीस चित्रें लागतात. या चिकाटीच्या कामांतून १९४७ चा 'चेक वर्ष', १९४९ चा अँडरसनच्या कथेवरील 'बादशहाचा बुलबुल', १९५३ चा 'जुन्या चेक दंतकथा' हे चित्रपट निर्माण झाले.

यांतील बाहुल्यांचे ओठ तो हालवीत नसे. दिव्याची दिशा, मानेचा कल व कॅमेऱ्याचें अंतर बदललें कीं तोच चेहरा कधीं उदास, तर कधीं आनंदी भासे. शब्दांची उणीव वाच्लाव त्रोयान याचें संगीत भरून काढी. भाव बाहुलीच्या मुखावर नसतोच. प्रेक्षक तो आपल्या मनांतून तेथें नेऊन ठेवितो. हा संयम सुटला म्हणजे काय होतें, हें शेक्सपिअरच्या नाटकावरील 'मध्यग्रीष्म रात्रीचें स्वप्न' (१९५९) या चित्रपटांत दिसतें. तेथें फुलांची व वस्त्रांची इतकी रेलचेल आहे कीं डोळे तृप्त होतात, पण अंतःकरण कोरडेंच राहतें.

त्याची खरी थोरवी 'हात' (१९६५) या अवघ्या अठरा मिनिटांच्या अखेरच्या चित्रपटांत आहे. एक कारागीर आपल्या गुलाबासाठीं कुंड्या घडवीत असतो. एक प्रचंड हात येऊन आपलाच पुतळा घडविण्याची आज्ञा करतो. कारागीर नकार देतो. मग आमिष, धाक, दोऱ्या, पिंजरा. तो निसटतो, पण घरीं त्याचीच कुंडी डोक्यावर पडून मरतो आणि तोच हात त्याची थाटाची अंत्ययात्रा काढतो. सरकारी मालकीच्या चित्रसंस्थेंत निर्माण झालेल्या या कृतीवर त्रन्काच्या मृत्यूनंतर सुमारें दोन दशकें बंदी होती.

ही केवळ जुलमी सत्तेवरील टीका होय, असें म्हणणारे टीकाकार अर्धेंच सत्य सांगतात. चित्रपटांत जिवंत हाडामांसाचा आहे तो फक्त हात; माणूस मात्र लांकडी! ज्याच्या बोटांनीं जन्मभर बाहुल्या नाचविल्या, त्यानें येथें बाहुलीची बाजू घेतली आहे. तिचा तो अचल चेहरा संकटांतही बदलत नाहीं, आणि म्हणूनच तो कोणाच्याहि आज्ञेनें हसत नाहीं.

त्रन्काची एकच कृति पाहावयाची असेल, तर ही पाहावी. मुलांना जवळ बसवून पाहावी, आणि त्यांच्या प्रश्नांना खरीं उत्तरें देण्याची तयारी ठेवावी.