सांकवाळचा साधक: धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ आणि ‘भगवान बुद्ध’

बिबवेवाडीतील आमच्या धर्मग्रामातले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर मागे थांबले. पिशवीतून एक जुने पुस्तक काढून त्यांनी ते आमच्या हाती दिले. पुस्तक होते धर्मानंद कोसंबी यांचे ‘भगवान बुद्ध’. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने ते शेजारच्या बौद्ध मित्राकडून वाचायला आणले होते. “फादर, पोरगा रात्र रात्र हेच घेऊन बसतो. तुम्ही एकदा बघा आणि त्याला समजावून सांगा,” एवढेच ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, चिंता होती. आम्ही पुस्तक ठेवून घेतले. सेमिनरीत असताना त्याचे काही भाग आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. आता ते सबंध वाचले आणि लेखकाचे ‘निवेदन’ हे आत्मकथनही जोडीला घेतले. त्या वाचनातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ येथे, एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. या गावाचे नाव आपल्याला परके नाही. सिंहलद्वीपाचे प्रेषित संत जुझे वाझ यांचे पितृघराणे याच गावचे. १६८७ साली वेषांतर करून ते सिंहलद्वीपात गेले, तेथील छळाच्या काळात श्रद्धावंतांची सेवा करीत राहिले आणि १७११ साली कँडी येथे देवाघरी गेले. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले. एकाच गावाशी नाते सांगणारे दोन पुरुष, दोन शतकांच्या अंतराने, एकाच बेटावर गेले. एक द्यावयास गेला, दुसरा घ्यावयास. दोघांनीही मागचे दोर कापले होते.

धर्मानंदांची तृष्णा जागी झाली ती मात्र एका ख्रिस्ती नियतकालिकामुळे. अमेरिकन मराठी मिशन ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे मासिक चालवीत असे. त्याच्या एका अंकात आलेले बुद्धाचे छोटेसे चरित्र १८९७ च्या सुमारास या तरुणाच्या वाचनात आले. शालेय शिक्षण अपुरे, नारळीच्या बागेची व्यवस्था अंगावर आणि मनात सदैव उदासी, अशी त्याची तेव्हाची अवस्था होती. त्या चार पानांनी त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. छोट्या नियतकालिकांनी, आणि त्यांत आमचे हे त्रैमासिकही आलेच, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपण छापलेले कोणाच्या हाती पडेल आणि त्याला कोठे नेईल हे संपादकाच्या हातात नसते.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास येऊन संस्कृताचा अभ्यास आरंभिला, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन मिळवले, मग काशीस अन्नछत्रात जेवून विद्या केली. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने ते नेपाळात गेले आणि निराश होऊन परतले. पुढे सिंहलद्वीपात विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकून १९०२ साली श्रामणेर झाले आणि नंतर ब्रह्मदेशातही राहिले. परत आल्यावर कलकत्त्यात पालीचे अध्यापन करीत असता बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. अधिक वेतनाची नोकरी सोडून धर्मानंदांनी ते स्वीकारले. आपल्या भाषेतील माणसांना बुद्ध कळावा, ही त्यामागची ओढ होती.

१९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणे हे तेथील काम. संपादक म्हणून श्रेय कोणाचे, यावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले तेव्हा धर्मानंद १९१२ साली परत आले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१८ पर्यंत पाली शिकवू लागले. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान याच काळात त्यांच्या हाताखाली तयार झाले. अमेरिकेच्या पुढील फेऱ्यांत त्यांनी ते काम तडीस नेले. ग्रंथ हार्वर्डच्या मालेत छापून आला तो मात्र १९५० साली, संपादकाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. मधल्या काळात गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, मिठाच्या सत्याग्रहातील तुरुंगवास आणि १९३७ साली परळच्या कामगार वस्तीत उभा केलेला बहुजनविहार, असा त्यांचा प्रवास चालूच होता.

आता ‘भगवान बुद्ध’ या १९४०-४१ साली निघालेल्या ग्रंथाकडे वळू. शुद्धोदनाचा लाडका पुत्र वृद्ध, रोगी, प्रेत व संन्यासी पाहतो आणि मध्यरात्री निजलेल्या पत्नीला व तान्ह्या मुलाला सोडून निघून जातो, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. धर्मानंद ती स्वीकारत नाहीत. चार दृश्यांची कथा ‘महापदान सुत्ता’त विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी सांगितलेली आहे, ती मागाहून गौतमाच्या चरित्रात आली, असे ते दाखवतात. ‘अरियपरियेसन सुत्ता’त तर आईवडील रडत असताना आपण घराबाहेर पडलो असे बुद्ध स्वतःच सांगतो. मग चोरून जाण्याचा प्रश्न उरतोच कोठे?

येथे आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. हे लिहिणारा मनुष्य स्वतः पत्नीला आणि काही महिन्यांच्या मुलीला मागे ठेवून निघालेला होता. मध्यरात्रीच्या त्या महाभिनिष्क्रमणाची कथा त्याने जशीच्या तशी ठेवली असती, तर त्याच्या स्वतःच्या गृहत्यागाला तिची शोभा आपोआप लाभली असती. ग्रंथांच्या साक्षीपुढे त्याने तो आधार सोडला. संशोधकाची सचोटी कशाला म्हणावे, असे कोणी विचारले तर आम्ही हेच स्थळ दाखवू.

पण या ग्रंथातील सारेच विवेचन सारख्या बळाचे नाही. आर्यांच्या आगमनाविषयीची पहिल्या भागातील विधाने आज कोणी जशीच्या तशी मान्य करणार नाही. गृहत्यागाचे कारण म्हणून धर्मानंद ‘सुत्तनिपाता’तील ‘अत्तदण्ड सुत्त’ पुढे करतात. शस्त्र उचलून परस्परांशी भांडणाऱ्या माणसांची अवस्था पाहून बुद्धाला भय व वैराग्य वाटले, येथवर त्यांचा आधार पक्का आहे. परंतु हे भांडण म्हणजे शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, असे जोडताना पाऊल घसरते. त्या सुत्तात रोहिणीचे नाव नाही, आणि अट्ठकथेतील तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा असून तो मिटवावयास बुद्धच येतो. दंतकथा बाजूस सारणाऱ्या लेखकाने येथे नकळत नवी कथा घडवली. ती कालोचित होती, म्हणून रुजली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ च्या ग्रंथातही पाण्याच्या तंट्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. तिचे नैतिक मोल मोठे आहे. इतिहास म्हणून ती स्वीकारताना मात्र थांबावे लागते.

अशा चिकित्सेने श्रद्धा डळमळते काय, हा त्या गृहस्थांच्या मनातील खरा प्रश्न होता. धर्मानंदांचा ग्रंथ निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९४३ साली, पोप पायस बारावे यांनी पवित्र शास्त्राचा अभ्यास मूळ भाषांतून आणि त्यातील लेखनप्रकार ओळखून करण्यास ख्रिस्तसभेच्या पंडितांना उत्तेजन दिले. सेमिनरीत शुभवर्तमानांचा तसा अभ्यास सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षी आम्हीही भयभीत झालो होतो. पुढे अनुभव आला तो असा, की जी श्रद्धा प्रश्न विचारू देत नाही ती आधीच क्षीण झालेली असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली सांगितले, की अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. आपल्या बौद्ध शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला भिण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

आमचा आक्षेप आहे तो वेगळ्या ठिकाणी. १९२४ साली प्रसिद्ध झालेले ‘निवेदन’ हे मराठीतील अत्यंत प्रांजळ आत्मकथन होय. आळस, नैराश्य, याचनेची लाज, यांतील काहीच लेखक झाकत नाही. भाषेत अलंकार नाही. हिशेबाची वही लिहावी तसे तो स्वतःविषयी लिहितो. परंतु या वहीत एक खाते फार त्रोटक आहे, ते बाळाबाईंचे. नवरा निघून गेल्यावर तान्ह्या माणिकला घेऊन या स्त्रीने गोव्यात दिवस कसे काढले? पुढे तो थोरल्या मुलांसह अमेरिकेत गेला तेव्हा धाकट्या मुलींना घेऊन ती पुण्यात मागे कशी राहिली? पुस्तक पुरते सांगत नाही. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी ‘निवेदना’चे इंग्रजीत भाषांतर केले आणि या कुटुंबाची बाजू वाचकांपुढे आणली, हे त्यांचे ऋणच आहे.

हा आक्षेप घेताना आम्ही स्वतःला वगळीत नाही. आम्हीही घर सोडून आलेलो. सेमिनरीत जाण्याच्या दिवशी आमच्या आईने चुलीपुढून मान वर केली नव्हती. पाचारणाविषयी अनेक प्रवचने आम्ही दिली, परंतु त्यांत त्या चुलीचा उल्लेख कधी केला नाही. त्याग एकाच्या नावावर मांडला जातो आणि त्याची किंमत घरातील दुसरेच कोणी फेडीत असते. धर्मानंदांच्या पुस्तकाने हे आम्हाला शिकवले, आणि तेही त्यातील मौनाने.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे, आपले कार्य संपले असे समजून धर्मानंदांनी उपोषणाने देह ठेवला. दुसऱ्याच दिवशी गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. जीवन ही परमेश्वराची देणगी असून ती परत घेण्याची वेळ त्यानेच ठरवावी अशी आपली श्रद्धा आहे, म्हणून या निर्णयाशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. तरीही शेवटपर्यंत कशाचाही लोभ न धरलेल्या त्या वृद्धाविषयी मनात आदरच उरतो.

त्या गृहस्थांना आम्ही पुस्तक परत दिले आणि वर ‘निवेदना’ची आमची प्रत दिली. मुलाने दोन्ही वाचावीत, आणि त्याआधी वडिलांनी वाचावीत, असे सुचवले. महिन्याभराने ते दोघे बरोबर आले. मुलगा काही विचारण्याआधी वडीलच म्हणाले, “फादर, त्या बाळाबाईंचे पुढे काय झाले?”

आम्हाला वाटते, पुस्तक नीट वाचले गेले.