अभ्यासाचा परवाना, बोलण्याला बंदी

परदेशी विद्यार्थ्याने अभ्यास करावा, राजकारणात पडू नये, हे आमच्याकडच्या विद्वानांना फार शहाणपणाचे वाटते. जातीचा अभ्यास राजकारणाला न शिवता कसा करायचा, हे त्यांनी एकदा करून दाखवावे.

2020 च्या फेब्रुवारीत जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्य शिकणाऱ्या एका पोलिश विद्यार्थ्याला देश सोडण्याची नोटीस आली. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या निदर्शनात तो दिसला होता, एवढेच. मार्चमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने नोटीस रद्द केली आणि आधार घेतला तो कलम 21 चा. कारण उघड आहे. कलम 19 मधले भाषणस्वातंत्र्य 'नागरिकां'चे, 21 मधले जीवित आणि स्वातंत्र्य कोणत्याही 'व्यक्ती'चे. संविधान आपल्या जिव्हाळ्याचे म्हणून ही फट झाकून ठेवू नये. इंग्रजी अमदानीतला 1946 चा परकी नागरिकांचा कायदा जाऊन 2025 चा आला, तरी परकीयाला बाहेर काढण्याची सत्ता सरकारच्या हाती तशीच आहे.

आता गेल ऑम्व्हेट यांचे लेखन या कसोटीला लावून पाहा. अमेरिकन विद्यार्थिनी म्हणून त्या महाराष्ट्रात आल्या. ब्राह्मणेतर चळवळीवरील संशोधनासाठी 1973 साली त्यांना बर्कलेची डॉक्टरेट मिळाली, 1976 साली ग्रंथ निघाला. स्त्रियांच्या लढ्यावरील 1980 चे पुस्तक तर मोर्चे, सभा आणि शेतमजूर बायांच्या बोलण्यातूनच उभे राहिले. तेव्हा त्या परदेशीच होत्या. भारतीय नागरिकत्व 1983 चे. त्या पुस्तकातले राजकारण वगळले तर मागे काय उरते? तळटीपा. (तटस्थतेचे गोडवे गाणाऱ्यांनीच दलित साहित्याला प्रचारकी ठरवले होते.)

बाबासाहेबही 1913 ते 1916 कोलंबियात परदेशी विद्यार्थीच होते. जातीच्या उत्पत्तीवरचा निबंध त्यांनी तिथेच 1916 साली वाचला. त्याच कोलंबियातल्या एका भारतीय संशोधक विद्यार्थिनीचा व्हिसा 2025 च्या मार्चमध्ये पॅलेस्टाईनच्या प्रश्नावरून रद्द झाला, तेव्हा आम्ही हळहळलो. जादवपूरच्या वेळी किती जण हळहळले?

सोलापूरकरांना तर हे कोडे घरचेच आहे. इथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या आणि 1942 साली तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. परक्या मुलखात याहून उघड राजकारण कोणते? त्यांचे स्मारक आम्ही पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. त्याच शहरात उद्या एखादा आफ्रिकी विद्यार्थी जातीय अत्याचाराच्या निषेधसभेत बोलायला उभा राहिला, तर त्याचा व्हिसा तपासायला कोण कोण धावेल?