हनुमंतस्वामींची बखर आणि संप्रदायाचे कागद

शिवसमर्थांची पहिली भेट शके १५७१ (इ. स. १६४९) मध्यें झाली, असें हनुमंतस्वामींची बखर सांगते, परंपरेनें तीच तीथ शिकविली. परंतु संप्रदायाच्याच कागदांत भास्कर गोसावी १६५८ सालीं लिहितात कीं, राजांनीं रामदास कोण म्हणून पुसलें. आणि १६७२ च्या पत्रांत केशव गोसावी दिवाकर गोसावी यांस ही भेट पहिलीच म्हणून कळवितात. बखर समर्थांनंतर शतकाहून अधिक काळानें झाली. पत्रें समकालीन शिष्यांचीं. सबब पत्रांस अग्रमान देणें प्राप्त आहे.

तीथ बदलल्यानें समर्थांची थोरवी उणी होत नाहीं. मात्र जुन्या तिथीवर रचलेला उपदेश कारण न सांगतां फिरविल्यास, भाविकाचा विश्वास तिथीवरून उडून सांगणाऱ्यावरूनच उडतो. पत्रांविषयीं शंका असल्यास ती कागद दाखवून फेडावी. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं संप्रदायाचे कागद छापून हाच मार्ग घालून दिला आहे.